बोलावलं एका अटीवर, जोखलं दुसऱ्या अटीवर: नागपूरच्या एका अभियंत्याची फाइल

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात बारा वर्षं काढलेले एक विद्युत अभियंते जानेवारी २००६ मध्ये पत्नी आणि मुलाला घेऊन ब्रिटनला गेले. जून २००७ मध्ये तिघंही नागपुरात परत आले. मधल्या काळात त्यांनी कुठला गुन्हा केला नाही, कर थकवला नाही, सरकारी मदतीचा एक पौंड घेतला नाही. बदलले ते नियम, आणि तेही दोनदा.

मी नागपुरात करसल्लागार आहे. परदेशी गेलेल्या आणि परत आलेल्या लोकांचे प्राप्तिकराचे, घरविक्रीचे कागद माझ्याकडे येतात. ही फाइलही तशीच आली. कुटुंबाला विचारून इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

काय कबूल झालं होतं

ब्रिटनने जानेवारी २००२ मध्ये 'हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्राम' सुरू केला. लोक त्याला नुसतं एचएसएमपी म्हणत. वर्क परमिटला आधी तिकडची कंपनी लागायची, इथे ती लागत नव्हती. शिक्षण, अनुभव, कमाई, आपल्या क्षेत्रातलं कर्तृत्व यांना गुण होते. तेवढे गुण भरले की माणसाने यायचं आणि आल्यावर काम शोधायचं. पहिल्यांदा एक वर्षाची परवानगी, मग तीन वर्षांची मुदतवाढ, आणि चार वर्षं पुरी झाली की कायम वास्तव्याचा अर्ज. मुदतवाढीसाठी तुम्ही कमावते आहात किंवा काम मिळवण्याचा मनापासून प्रयत्न करता आहात एवढं दाखवणं पुरेसं होतं. पुन्हा गुण मोजून घ्यायचे नव्हते.

फाइलमध्ये योजनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेची छापील प्रत आहे. तिच्यात प्रश्नोत्तरं आहेत, आणि एका उत्तराच्या बाजूला या अभियंत्यांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, पेन्सिलने उभी रेघ ओढली आहे. योजनेत पुढे फेरफार झाले तर आधी आलेल्यांचं काय, असा तो प्रश्न. उत्तर स्पष्ट होतं: जे या योजनेखाली आधीच आले आहेत, त्यांना फेरफार काहीही झाले तरी राहता येईल आणि चार वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येईल.

त्या पेन्सिलच्या रेघेमागे घरातली बरीच वादावादी होती. साहेबांचे वडील वीज मंडळातूनच निवृत्त झालेले. कायम नोकरी सोडायची ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. शेवटी मुलाने ती पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "बाबा, हे पाहा, सरकारने लिहून दिलंय." वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मान हलवली. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला सरकारने छापून दिलेल्या कागदाची किंमत जास्तच असते.

दुसरा एक कागद मात्र साहेबांनी स्वतः लिहून दिलेला आहे. ब्रिटन हेच आपलं मुख्य घर करण्याचा आपला इरादा आहे, असं अर्जासोबत कळवावं लागे. एक पाय इथे, एक तिथे ठेवणारे लोक त्या सरकारला नको होते.

मग त्यांनी तसंच केलं. नोकरीचा राजीनामा दिला, म्हणजे बारा वर्षांची ज्येष्ठता गेली. त्रिमूर्ती नगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट विकला. भांडवली नफ्याचा हिशेब मीच केला होता, म्हणून रक्कम ठाऊक आहे, पण ती इथे महत्त्वाची नाही. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अनुदानित शाळेत शिक्षिका होत्या, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता असलेल्या कायम जागेवर. ती जागा सोडणं म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. एकदा गेली ती गेली. परत आल्यावर त्या एका विनाअनुदानित शाळेत, आधीच्या पगाराच्या निम्म्याहून कमी पैशात, रुजू झाल्या. अजून तिथेच आहेत.

दोन बदल

पहिला बदल ३ एप्रिल २००६ ला आला. कायम वास्तव्यासाठी चार वर्षांची अट पाच वर्षांची झाली, आणि आधी आलेल्यांनाही तीच लागू. हे कुटुंब पोहोचून तेव्हा तीन महिनेही धड झाले नव्हते. त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. एक वर्षाने काय होतंय, असंच सगळे म्हणत होते.

दुसरा बदल ७ नोव्हेंबर २००६ ला जाहीर झाला आणि त्याने घाव घातला. गुणांचा तक्ताच नवा आला आणि मुदतवाढीच्या वेळीही त्याच तक्त्यावर ७५ गुण भरायचे ठरले. अनुभवाचे गुण रद्द. क्षेत्रातल्या कर्तृत्वाचे गुण रद्द. उरलं शिक्षण, वय, आदल्या वर्षभराची कमाई आणि ब्रिटनमधल्या अनुभवाचे जेमतेम पाच गुण. शिवाय इंग्रजीचा पुरावा सक्तीचा.

साहेबांच्या वहीतलं एक पान मी मुद्दाम ठेवलं आहे, त्यावर त्यांनी स्वतःचे गुण मांडले आहेत. बी.ई. म्हणजे पदवी: ३०. ब्रिटनमधल्या अनुभवाचे: ५. वय ३४ असल्याने वयाचे: शून्य, कारण ३२ पासून पुढे काहीच नव्हतं, २७ किंवा त्याखालच्यांना २० होते. राहिली कमाई. पोहोचल्यावर पहिले तीन महिने काम मिळालं नाही, मग लीड्समध्ये देखभालीची कंत्राटं घेणाऱ्या एका छोट्या कंपनीत वर्षाला २४,००० पौंडांवर लागले. नऊ महिन्यांचे झाले १८,००० पौंड, त्याचे गुण १०. बेरीज ४५.

खाली त्यांनी उलटं गणितही केलं आहे. ७५ भरायला कमाईचे ४० गुण हवेत, म्हणजे वर्षाला किमान ३५,००० पौंड. परक्या देशात पहिल्या वर्षी, पहिल्या नोकरीत.

यातला बारकावा असा की हेच गृहस्थ वर्षभरापूर्वी त्याच देशाला 'अति-कुशल' वाटले होते, आणि ते मुख्यतः अनुभवामुळे. दोनशे मेगावॅटच्या संचाचं ओव्हरहॉलिंग ज्याने रात्रंदिवस उभं राहून केलं त्याला बोलावलं त्यासाठीच. आल्यावर सांगितलं, ते आता मोजत नाही; आणि वय मात्र मोजतो. बारा वर्षांचा अनुभव घ्यायला वयाची बारा वर्षं लागतात, एवढी साधी गोष्ट त्या तक्त्यात बसत नव्हती.

इंग्रजीच्या पुराव्याची वेगळीच गंमत. पदवीचं माध्यम इंग्रजी होतं असं विद्यापीठाचं पत्र हवं होतं. ते आणायला सत्तरीतले वडील कचेरीच्या खेपा घालत राहिले. पत्र मिळालं, कुरिअर झालं, वेळेत पोहोचलंही. गुण ४५ ला ४५ च राहिले.

मार्च २००७ मध्ये मुदतवाढ नाकारली गेली. कंपनीने वर्क परमिट काढलं तर राहता आलं असतं. मालकाने सहानुभूती दाखवली आणि कागदपत्रांच्या भानगडीत पडायला नकार दिला. अपिलाचा रस्ता होता. वकिलाची फी ऐकून तो बंद झाला. फ्लॅटचे पैसे तिकडच्या भाड्यात आणि विमानाच्या तिकिटांत बरेचसे संपले होते. नागपूरहून फोनवर वडिलांनी एकच विचारलं: "अरे, घेतलेली फी तरी वापस देऊन राहिले का ते लोक?"

फी परत मिळाली नाही.

कोर्टाने काय धरलं, काय नाही

साहेबांसारखे हजारो होते. त्यांतल्या काहींनी 'एचएसएमपी फोरम' ही संघटना उभारली. ऑगस्ट २००७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने अहवाल देऊन हे बदल आधीच आलेल्यांना लावू नयेत असं बजावलं. सरकार ढिम्म. संघटना हायकोर्टातही गेली, आणि ८ एप्रिल २००८ ला न्यायमूर्ती सर जॉर्ज न्यूमन यांनी निकाल दिला: या योजनेत आधीच आलेल्यांना मूळ कबूल केलेले लाभ न देण्याला सबळ कारण नाही, बदल त्यांना लावणं हा उघड अन्याय आणि सत्तेचा गैरवापर आहे. वर्षभराने, ६ एप्रिल २००९ ला, न्यायमूर्ती कॉक्स यांनी पहिल्या बदलाचाही निकाल लावला. ३ एप्रिल २००६ पूर्वी योजनेत आलेल्यांना चार वर्षांचीच अट राहील, पाचाची नाही.

डॉक्टरांच्या बाबतीतही तेच. नागपुरातून मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची मुलं तिकडे जात आली आहेत, म्हणून सांगतो. एचएसएमपीवर आलेल्या परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागा देताना मागे ठेवा, अशी सूचना तिथल्या आरोग्य विभागाने रुग्णालयांना दिली होती. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना 'बापियो' त्याविरुद्ध लढली आणि ३० एप्रिल २००८ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) ती सूचना बेकायदा ठरवली.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. व्हॉट्सअॅपवर फिरते ती एवढीच, आणि तिथेच घोटाळा होतो. लोक समजतात की पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे आधी आलेल्यांनाही, इमिग्रेशनचे नियम लावता येत नाहीत, असं ब्रिटिश कोर्टाने ठरवून टाकलं आहे. तसं मुळीच नाही.

त्याच सुमाराचं ओडेलोला हे प्रकरण पाहा. नायजेरियाहून आलेल्या एका डॉक्टर बाईंनी पदव्युत्तर डॉक्टर म्हणून राहण्याच्या परवानगीचा अर्ज केला. अर्ज पडून असतानाच नियम बदलले आणि नव्या नियमाने तो फेटाळला गेला. मे २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की इमिग्रेशनचे नियम म्हणजे सरकारच्या त्या वेळच्या धोरणाचं निवेदन. निर्णयाच्या दिवशी जो नियम असेल तो लागेल, अर्जाच्या दिवशीचा नाही. बाई हरल्या.

मग साहेबांच्या बाजूचे लोक का जिंकले? कारण त्यांच्या हातात ती पुस्तिका होती. पेन्सिलची रेघ ओढलेलं ते उत्तर होतं, आणि मुख्य घर इथे करीन असं सरकारने त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. एका बाजूने लेखी आश्वासन, दुसऱ्या बाजूने त्यावर विसंबून तोडलेले दोर. कोर्टाने हात घातला तो या दोन गोष्टींच्या जोडीला. माणसाचे हाल झाले म्हणून नव्हे. हाल तर डॉक्टर बाईंचेही झाले होते.

मला स्वतःला ओडेलोलाचा निकाल कडक वाटतो. फी घेऊन अर्ज दाखल करून घेतला, तेव्हाच काहीतरी कबूल झालं असं मी धरीन. पण माझं मत आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अशिलाला सल्ला देताना दुसरीवरच चालावं लागतं.

दुसरी बाजू

ब्रिटिश सरकारचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. योजनेवर आलेले काही जण त्यांच्या शिक्षणाला न शोभणारी कामं करत होते. आपल्याला हवं होतं ते कौशल्य या गुणांनी येत नाही, असं सरकारला दिसलं. चाळण बदलण्याचा हक्क कुठल्याही देशाला आहे. आपणही परदेशी माणसाला भारतात राहू देताना नियम आपल्या सोयीनेच करतो. पण चाळण सदोष होती हा चाळणाऱ्याचा दोष. पुढच्या अर्जांना नवी चाळण लावा, कोण अडवतंय? आत घेतलेल्यांना बाहेर काढून पुन्हा चाळणं म्हणजे आपल्या चुकीचं बिल दुसऱ्याच्या नावे फाडणं.

आणि हे फक्त गोऱ्यांनाच जमतं असं नाही. माझ्या धंद्यात व्होडाफोनचं नाव विसरणं शक्य नाही. कंपनी ब्रिटिश. २००७ च्या खरेदीव्यवहारावर आपल्या प्राप्तिकर खात्याने कर मागितला, जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्यात आपण दुरुस्ती केली, ती थेट १९६२ पासून लागू. सप्टेंबर २०२० मध्ये हेगच्या लवादात भारत हरला. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने कायदा करून ती पूर्वलक्षी मागणी सोडून दिली. म्हणजे व्होडाफोनला नऊ वर्षं लागली, पण तिच्याकडे नऊ वर्षं लढायला वकिलांची फौज होती. त्रिमूर्ती नगरच्या कुटुंबाकडे नव्हती. फरक एवढाच.

स्पर्धा परीक्षावाल्यांना तर हे सांगायलाच नको. एमपीएससीने राज्यसेवेचा वर्णनात्मक पॅटर्न २०२३ पासून आणायचा ठरवला तेव्हा मुलं रस्त्यावर आली आणि तो २०२५ पर्यंत पुढे गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तेजप्रकाश पाठक प्रकरणात सांगितलं की भरतीची प्रक्रिया सुरू झाल्यावर निवडीचे निकष अधेमधे बदलता येत नाहीत, मूळ नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा असेल तरच गोष्ट वेगळी. नागपुरातल्या अभ्यासिकेत बसलेल्या कुठल्याही मुलाला हे पटायला कोर्ट लागत नाही.

निकालाने काय परत आलं

एप्रिल २००८ चा निकाल साहेबांना एका जुन्या सहकाऱ्याच्या ई-मेलमधून कळला. तोवर ते बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागले होते, कोराडीत त्यांच्या हाताखाली असलेल्या मुलांपेक्षा कमी पगारावर. मुलगा सातवीत होता. लीड्सच्या शाळेत दीड वर्ष काढून आल्याने मराठी आणि हिंदी दोन्हींची शिकवणी लावावी लागली होती. आता नव्याने अर्ज करायचा, पुन्हा नोकरी सोडायची, पुन्हा तिकिटं काढायची. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला जायचं असेल तर जा. मी आता घर हलवणार नाही." विषय संपला.

नुकसान कोणाचं जास्त झालं, हे मी या फाइलवरून शिकलो. साहेबांचे एक दूरचे नातेवाईक त्याच योजनेवर गेले होते. त्यांनी नागपूरचं घर भाड्याने दिलं होतं, नोकरीतून बिनपगारी रजा घेतली होती, म्हणजे 'मुख्य घर' वगैरे लिहून देऊन त्यांनी एक पाय इथेच ठेवला होता. त्यांनाही मुदतवाढ नाकारली गेली. परत येऊन ते दुसऱ्या महिन्यात जुन्या खुर्चीत बसले. ज्याने सरकारचं म्हणणं शब्दशः पाळलं तो बुडाला, ज्याने अर्धंमुर्धं पाळलं तो तरला. पूर्वलक्षी बदलातला खरा अन्याय मला इथे दिसतो.

फाइल पुन्हा का उघडली

वहिनींचा भाचा मँचेस्टरला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. नागपूरच्या मिहान या उद्योगवसाहतीतल्या नोकरीतून २०२२ मध्ये 'स्किल्ड वर्कर' व्हिसावर गेला. बायको आणि एक मुलगी बरोबर. जाताना कायम वास्तव्याची अट पाच वर्षांची होती, म्हणजे २०२७. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने ती दहा वर्षं करण्याचा मनोदय सांगितला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर हरकती-सूचना मागवल्या. प्रस्तावात दहा वर्षांची अट, ज्यांना अजून कायम वास्तव्य मिळालेलं नाही अशा आधीच आलेल्यांनाही लावलेली आहे. कमी कौशल्याच्या मानलेल्या कामांना, उदाहरणार्थ वृद्धांची सेवा करणाऱ्या केअर वर्करांना, पंधरा वर्षं.

भाच्याने फोन केला तो याच आशेने: "काकांच्या वेळी कोर्टाने रद्द केलं होतं ना?"

मी त्याला विचारलं, तुझ्याकडे ती पुस्तिका आहे का? म्हणजे नियम काहीही बदलले तरी तुला पाच वर्षांतच मिळेल, असं लिहिलेलं काही? त्याने शोधलं. पाच वर्षांनी अर्ज करता येतो, असं जागोजागी होतं. बदल झाला तरी, हे तीन शब्द कुठेच नव्हते. मुख्य घर इथे करीन असं त्याच्याकडून कोणी लिहूनही घेतलं नव्हतं. अन्याय मला तेवढाच दिसतो, पण कोर्टात त्याची केस काकांपेक्षा लंगडी आहे, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं.

त्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र आहे. एप्रिल २०२४ मध्ये पगाराची किमान मर्यादा २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेली, तेव्हा आधीपासून या व्हिसावर असलेल्यांसाठी वेगळी, २९,००० ची मर्यादा ठेवली होती. म्हणजे जुन्यांना जुना, नव्यांना नवा नियम लावणं यंत्रणेला जमतं, आणि फार जुनी गोष्टही नाही. हे हरकतींमध्ये लिही, असं मी सुचवलं. त्याने लिहिलं.

पैशांचा हिशेब त्याला नीट माहीत नव्हता, तो मी मांडून दिला. सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६. पाच वर्षं वाढली तर तिघांचे १४,२३० पौंड, म्हणजे सोळा-सतरा लाख रुपये. व्हिसाची फी वेगळी. घरासाठी कर्ज घेताना बँक कायम वास्तव्य आहे का ते पाहते, तो विषय त्यातही नाही.

प्रस्तावात एक पळवाट ठेवली आहे. ज्याची करपात्र कमाई सलग तीन वर्षं ५०,२७० पौंडांवर आहे, त्याची पाच वर्षं कमी होतात, म्हणजे तो जुन्याच जागी येतो. भाच्याचा पगार ४६,००० आहे. वरच्या पदाची मागणी त्याने मॅनेजरकडे नोंदवली आहे, आणि नागपूरला यायचं रद्द करून सुट्ट्यांतही तो शिफ्ट करतो आहे.